जवसाची चटणी तिसऱ्या आठवड्यात खवट होऊन राह्यली, कंपोस्टेबल पाऊचमुळे का? केमिस्ट्रीवाले कोणी असाल तर सांगा

जवसवाली_नंदनवन:
नमस्कार मंडळी, मी नागपूरला नंदनवनात राहते, घरूनच चटण्या करून विकते, जवस, कारळ, तीळ, शेंगदाणा, सहा वर्षं झाली. आतापर्यंत इतवारीतून आणलेले सिल्व्हर पाऊच वापरायची, आतून चकचकीत असतात ते. या हिवाळ्यात दोन-तीन गिऱ्हाइकं म्हणाली की ताई चटणी इतकी घरची आणि पाकीट प्लास्टिकचं कशाला, मलाही पटलं, मग मक्यापासून बनलेले म्हणतात ते कंपोस्टेबल पाऊच घेतले, आरपार दिसणारे, चटणीचा रंग इतका छान दिसतो त्यात की विचारू नका. मार्चच्या शेवटी मोठा घाणा काढला. आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात धरमपेठच्या एका काकूंचा फोन, "अगं चटणीला रंगाचा वास येतो." मी म्हटलं लाल रंग मी घालतच नाही, तर त्या म्हणतात तो रंग नाही गं, भिंतीला देतात तो ऑइल पेंट. घरी उरलेलं पाकीट फोडून चाखलं तर खरंच तसाच वास, आणि जिभेच्या मागे कडवट, घशात धरल्यासारखं होतं. सगळी पाकिटं परत बोलावली, ३१ आली.

आता गंमत अशी की त्याच पाऊचमधली, त्याच दिवशी भरलेली शेंगदाणा चटणी ठणठणीत आहे. मग पाऊच खराब कसा म्हणायचा? मुलगी एमएस्सीला आहे, ती म्हणाली आई हे फ्री रॅडिकल्सचं काम आहे. पण माझ्या लेबलवर तर मीच छापून घेतलंय की जवस "फ्री रॅडिकल्सचा नाश करते", मग माझ्याच पाकिटात ते आले कुठून? पोरगी हसून राह्यली नुसती, सांगत काही नाही, परीक्षा आहे म्हणते. आणि पाऊचवाल्याला विचारलं तर तो म्हणतो ताई हे सोडा, दुसरं बायोडिग्रेडेबल आहे माझ्याकडे, स्वस्त पण आहे आणि साध्या पन्नीसारखंच मजबूत. घेऊ का? कोणी नीट समजावून सांगाल का, मी बारावी सायन्स आहे, अगदीच अडाणी नाही.

महालचा_म्हातारा:
काहून त्या पन्नीच्या नादी लागता बाप्पा, आमच्या लहानपणी चटणी पळसाच्या पानाच्या द्रोणात यायची, संध्याकाळपर्यंत संपायची, खवट व्हायला वेळच कुठं होता. पळसासारखं पॅकिंग नाही जगात. बाकी केमिस्ट्री पोट्ट्यांना विचारा.

तेलाचा_तुकाराम:
ताई, मी ऑइल टेक्नॉलॉजी शिकलेला माणूस, आता दुसरंच काम करतो पण हा विषय निघाला की राहवत नाही, म्हणून लांबलचक लिहितो, माफ करा.

त्या धरमपेठच्या काकूंचं नाक एकदम पक्कं आहे. ऑइल पेंटचाच वास आहे तो, कारण ऑइल पेंटमधलं जुनं तेल म्हणजे जवसाचंच. आम्ही पोट्टे असताना नव्या बॅटला जवसाचं तेल चोळून गच्चीवर ठेवायचो, काही दिवसांनी ती आधी चिकट व्हायची आणि मग वर कडक पापुद्रा यायचा. ते तेल उडून जात नाही, वाळतं पण नाही खरं तर, ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि एकमेकांत विणलं जातं. बाजूला खोबरेल तेल लावून ठेवा, महिना झाला तरी ओलंच. तुमच्या पाकिटात तेच चाललंय जे बॅटवर चालतं, फक्त पापुद्रा धरण्याआधीच तुम्ही पाकीट फोडलं.

आता फ्री रॅडिकल म्हणजे काय. इलेक्ट्रॉन बहुतेक जोडीनं राहतात, ज्याच्याकडे एक सुटा राह्यला तो फ्री रॅडिकल, आणि त्याला चैन पडत नाही, तो शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतो, स्वतः शांत होतो पण शेजारी आता सुटा. खो-खो आठवा. पळणारा खो देऊन बसला की बसलेला उठून पळतो, डाव चालूच. तेलात हाच डाव असतो. आणि यात ऑक्सिजन घुसतो, तो तर स्वतःच दोन सुटे इलेक्ट्रॉन घेऊन फिरतो, त्यामुळे तेलाचा रेणू सुटा झाला रे झाला की ऑक्सिजन क्षणात त्याला चिकटतो, पेरॉक्सिल रॅडिकल तयार, तो पुढच्याला खो देतो आणि स्वतः हायड्रोपेरॉक्साइड होऊन बसतो. एका सुरुवातीतून असे कितीतरी रेणू जातात. दोन पळणारे एकमेकांवर आदळले की डाव थांबतो.

शेंगदाणा का वाचला? तेलाच्या साखळीत दोन डबल बाँडच्या मधे जो कार्बन सापडतो त्याचा हायड्रोजन सगळ्यात ढिला. शेंगदाण्यात ओलिक नावाचं फॅटी अॅसिड जास्त, त्यात एकच डबल बाँड म्हणजे अशी मधली जागाच नाही, बाकी लिनोलिक असतं त्यात अशी एक जागा. जवसाच्या तेलात निम्म्याच्या वर लिनोलेनिक, ज्याला लोक ओमेगा-३ म्हणतात, त्यात तीन डबल बाँड आणि अशा दोन ढिल्या जागा. ढोबळ हिशेब असा की ओलिकचा वेग १ धरला तर लिनोलिकचा १० च्या वर आणि लिनोलेनिकचा त्याच्याही दुप्पट. म्हणजे ज्या गुणासाठी लोक तुमचा जवस विकत घेतात तोच त्याचा घात करतो, काय करता.

तुम्ही म्हणाल मग पंधरा दिवस काहीच का नाही झालं आणि एकदम तिसऱ्या आठवड्यात? जवसात विटामिन ई असतं, बहुतेक गॅमा प्रकारचं. ते खो घेतं पण उठत नाही, मांडी घालून बसतं. त्याचा स्वतःचा रॅडिकल इतका आळशी की पुढच्या तेलाला हात लावत नाही. पेरॉक्सिल रॅडिकलला तेलाचा रेणू गाठायला जितका वेळ लागतो त्याच्या हजारो पट लवकर विटामिन ई त्याला गाठतं, म्हणून थोडंसं असलं तरी पुरतं. पण दर खोला थोडं थोडं संपतं. ज्या दिवशी संपलं त्या दिवसापासून गाडी उताराला लागली. शिवाय हायड्रोपेरॉक्साइडला स्वतःला वास नसतो, ते फुटलं की मग अल्डिहाइड निघतात, वास त्यांचा. आणि फोडायला लोखंड-तांब्याचा अंशसुद्धा पुरतो, म्हणून विचारतो, कुटता कशात? कडवटपणा मात्र थोडा वेगळा मामला आहे, जवसात सायक्लोलिनोपेप्टाइड नावाचे छोटे गोल पेप्टाइड असतात, त्यातलं मेथिओनिन नावाचं अमिनो अॅसिड ऑक्सिडाइज झालं की ते कडू लागतात.

जाता जाता, १९०० साली अमेरिकेत मिशिगनला गोम्बर्ग नावाच्या केमिस्टला पहिला सेंद्रिय फ्री रॅडिकल सापडला, तोसुद्धा दुसरंच काही बनवायला गेला असताना, आणि त्याच्याही हाती आधी पेरॉक्साइडच लागलं कारण हवा आत जात होती. हवा काढून कार्बन डायऑक्साइडमधे केलं तेव्हा पिवळं द्रावण मिळालं. म्हणजे हवेनं छळलेल्या तुम्ही पहिल्या नाही.

जवसवाली_नंदनवन:
भाऊ, खो-खोवालं एकदम डोक्यात बसलं, मी शाळेत खेळायची. कुटते लोखंडी खलबत्त्यात, तोच तर माझा "यूएसपी" आहे, लेबलवर फोटो आहे खलबत्त्याचा 😅 आणि कढीपत्ता पण घालते भरपूर, वाळवून, हिरवागार दिसतो. पाऊच साधारण १५ बाय २० सेंटीमीटरचा, २०० ग्रॅम चटणी, वर हवा राहते बरीच, फुगलेलं पाकीट दुकानात चांगलं दिसतं म्हणून मी दाबून काढत नाही. आणि खरं सांगू का, सिल्व्हरमधे पण मे महिन्यात भरलेल्या मालाला दीड-दोन महिन्यांनी थोडा वास यायचा, मी समजायची जवस जुना असेल.

हिंगण्याचा_फिल्मवाला:
मी पॅकेजिंगमधे आहे हिंगणा एमआयडीसीत, नाव-गाव सोडा. ताई, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांत अर्धं उत्तर आहे, हिशेब करून दाखवतो.

२०० ग्रॅम चटणीत जवस समजा १५० ग्रॅम, त्यात तेल ४० टक्के धरा, म्हणजे ६० ग्रॅम तेल. तेल खवट झालं का हे पेरॉक्साइड व्हॅल्यूवर पाहतात, रिफाइंड तेलाला कोडेक्सची, म्हणजे अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची, हद्द १० आहे. ६० ग्रॅम तेलाची व्हॅल्यू १० वर न्यायला ऑक्सिजन किती लागतो? जेमतेम १० मिलिग्रॅम. आणि तुमच्या फुगलेल्या पाकिटात १०० मिली हवा असली तर त्यात २७ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन बसलाय. म्हणजे सील मारताना तुम्हीच जवळजवळ तिप्पट खुराक आत भरून दिला, बाहेरून काही नाही आलं तरी चालतं. सिल्व्हरमधल्या मालाचा तो वास हाच.

आता पाऊच. २५ मायक्रॉनची फिल्म, एक चौरस मीटर, एक दिवस, यातून शुद्ध ऑक्सिजन किती जातो ते ढोबळ आकडे: साधी पन्नी म्हणजे एलडीपीई ७-८ हजार सीसी, तुमची मक्याची पीएलए ५०० ते ७००, पीईटी म्हणजे पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक शंभरच्या आत, आणि पीईटीवर अॅल्युमिनियमचा मुलामा दिला की एकच्या आसपास. पाह्यलं का, ऑक्सिजनच्या बाबतीत पीएलए साध्या पन्नीपेक्षा दहापट चांगली आहे! लोक उगाच शिव्या देतात तिला. पण तुमची तुलना साध्या पन्नीशी नाहीच, तुम्ही सिल्व्हरवरून उतरलात. तुमच्या पाऊचची दोन्ही बाजूंची जागा धरून, ५० मायक्रॉन जाडी धरून, हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो ते धरून रोज ३-४ सीसी ऑक्सिजन आत जातो. तीन आठवड्यांत झाले ७० सीसीच्या वर, आतल्या हवेत होता त्याच्या तिप्पट. सिल्व्हरमधून तेवढ्या दिवसांत अर्धा सीसीसुद्धा जात नाही. हे सगळं खोलीच्या तापमानाचं बोलतोय, आपल्या एप्रिलचं नाही. आणि नरम पाऊच असला तर त्यात नुसती पीएलए नसते, पीबीएटी नावाचं दुसरं नरम प्लास्टिक मिसळलेलं असतं, नुसती पीएलए कडक, कुरकुर वाजते. पीबीएटीतून ऑक्सिजन आणखी जातो. आणि हो, पीबीएटी कंपोस्ट होतं पण बनतं बहुतेक पेट्रोलियमपासूनच, "मक्यापासून" हे अर्धसत्य झालं.

मग आरपार दिसणं. कढीपत्त्याच्या हिरव्या रंगात क्लोरोफिल, त्यावर उजेड पडला की ते ऑक्सिजनला सिंगलेट नावाच्या रूपात ढकलतं, आणि तो साध्या ऑक्सिजनपेक्षा तेलावर हजार-दीड हजार पट वेगानं जातो. त्याला खो-ची पण वाट पाहावी लागत नाही, थेट डबल बाँडवर बसतो. म्हणजे हिरवागार कढीपत्ता, आरपार पाऊच आणि दुकानाच्या काचेमागचा ट्यूबलाइट, तिघं मिळून तुमच्या मागे लागले.

ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या मिळतात, लोखंडाच्या भुकटीच्या, ३० सीसी, ५० सीसी अशा. त्या सिल्व्हरमधे घाला, झकास काम करतात. पीएलएमधे घालाल तर आठ-दहा दिवसांत पुडी संपेल, बाहेरून येणं थोडीच थांबतं. (लोखंडच खवट करतं आणि लोखंडच वाचवतं, आहे की नाही, पण पुडीतलं लोखंड चटणीला लागत नाही.)

अजून एक, पावसाळ्याचं आत्ताच ऐकून ठेवा. पीएलएमधून वाफ पण पॉलिथिनपेक्षा कितीतरी जास्त जाते, जुलैत चटणी गोळा होईल. आणि पीएलए ५५ ते ६० डिग्रीला नरम पडते. माझ्या एका ओळखीच्यानं मे महिन्यात पीएलएचे ज्यूसचे ग्लास बंद कारमधे ठेवले होते सीताबर्डीत, दुपारी आला तर सगळे वाकडे तोंड करून बसलेले. २०२४ ला नागपुरात ५६ डिग्री दाखवलं होतं आठवते ना, तो सेन्सर बिघडलेला निघाला, पण बंद गाडीत ५६ साठी सेन्सर बिघडायची गरज नाही 🙂

जवसवाली_नंदनवन:
अगं बाई. म्हणजे हवा मीच भरली, उजेड मीच दाखवला, लोखंड मीच घातलं. बरं ते दुसरं स्वस्त बायोडिग्रेडेबल?

हिंगण्याचा_फिल्मवाला:
ते राह्यलंच. साध्या पन्नीसारखं मजबूत आणि स्वस्त म्हणतो म्हणजे बहुतेक ऑक्सो-वालं असेल. साध्याच पॉलिथिनमधे कोबाल्ट, मँगनीज, लोखंड अशा धातूंचे क्षार मिसळतात, ते ऊन आणि उष्णतेत प्लास्टिकवर हाच खो-खो चालू करतात, साखळ्या तुटतात, पन्नी ठिसूळ होऊन तिचे तुकडे होतात. गायब होत नाही, बारीक होते. युरोपियन युनियननं २०२१ पासून त्यावर बंदी घातली. आणि विचार करा, खवटपणा वाढवणारे धातू ज्या फिल्ममधे मुद्दाम घातलेत त्यात तुम्ही जवस भरणार, मी तर माझ्या घरची जवस नाही भरणार. खरं कंपोस्टेबल पाहायचं तर पाऊचवर आयएस/आयएसओ १७०८८ लिहिलेलं असतं आणि सीपीसीबीच्या (केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ) सर्टिफिकेटचा नंबर, तो मागा. नुसतं हिरवं पान छापलेलं चालत नाही. आणि तेही कंपोस्ट होतं ते कारखान्याच्या ढिगात, जिथं ५८ डिग्रीच्या आसपास गरमी टिकते, तुमच्या गच्चीवरच्या कुंडीत पीएलए वर्षानंतरही ओळख दाखवते.

मजा म्हणजे एलडीपीई जन्मलंच फ्री रॅडिकलमधून. १९३३ ला इंग्लंडमधे आयसीआय कंपनीत प्रचंड दाबाखाली इथिलीनचा दुसराच प्रयोग चालला होता, आत पांढरी मेणासारखी पूड सापडली. पुन्हा जमेना. मग कळलं की चुकून आत शिरलेल्या किंचित ऑक्सिजननं साखळी सुरू केली होती. जन्म पण त्याच्याचमुळे आणि मरण पण.

महालचा_म्हातारा:
हे सगळं वाचलं. पळसाच्या पानाबद्दल कोणी बोललं नाही.

तेलाचा_तुकाराम:
काका बोलतो ना. पळसाचं पान म्हणजे सेल्युलोज आणि लिग्निन, बायोपॉलिमरच दोन्ही. लिग्निन झाडात तयार होतं ते पण फ्री रॅडिकलनंच, झाड आधी छोटे फिनॉल बनवतं, मग एन्झाइम त्यांचा एकेक इलेक्ट्रॉन काढून त्यांना सुटं करतात आणि ते एकमेकांना चिकटत जातात. आणि शेवटी त्यात जे फिनॉल उरतात ते रॅडिकल पकडतात, विटामिन ईसारखेच, म्हणून आता लोक पीएलएमधे लिग्निन मिसळून फिल्म करून पाहतात. पान हवा अडवत नाही हो, पण संध्याकाळपर्यंतच्या चटणीला अडवायची गरजच नाही, तुमचं तेवढं बरोबर आहे.

सेलोफेन विसरले सगळे. तेही सेल्युलोजच, शंभर वर्षांपूर्वीचं, कोरडं असेपर्यंत ऑक्सिजन छान अडवतं. स्टार्चची फिल्म, कोळंबीच्या सालीपासून निघणारं कायटोसान, सगळ्यांची तीच तऱ्हा, कोरडे असताना वाघ आणि ओल लागली की ढिले. पाण्याला प्रेमानं जवळ करणारे रेणू आहेत ते, करणार काय.

बायोकेम_मॅडम:
मी शिकवते हा विषय, कॉलेज नाही सांगत. लेबलबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ताई, ते "फ्री रॅडिकल्सचा नाश करते" आधी काढून टाका. एक तर २०१८ च्या एफएसएसएआयच्या (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांप्रमाणे पुरावा नसलेला असा दावा छापता येत नाही. आणि दुसरं म्हणजे शरीरातल्या सगळ्या फ्री रॅडिकल्सचा खरंच नाश झाला तर माणूस जगणार नाही.

पेशीला डीएनएचे नवे तुकडे बनवायचे तर रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज लागतं, ते एन्झाइम स्वतःमधल्या टायरोसिन या अमिनो अॅसिडवर एक रॅडिकल सांभाळून असतं, त्याशिवाय त्याचं काम होत नाही. रक्तवाहिन्या सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हाही फ्री रॅडिकलच, त्याचं शरीरातलं हे काम शोधण्याला १९९८ चं नोबेल मिळालं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू गिळल्यावर मुद्दाम सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनचाच एक रॅडिकल, सोडतात त्याच्यावर. आणि जास्तीचं सुपरऑक्साइड आवरायला शरीरात सुपरऑक्साइड डिस्म्युटेज आहे, मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ ला दाखवलं ते, तोपर्यंत ते प्रथिन तांबं साठवायला असेल असं समजत होते. लोखंड तर शरीर सुटं राहूच देत नाही, ट्रान्सफेरिन-फेरिटिन या प्रथिनांमधे बांधून ठेवतं, कारण सुटं लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल निघतो, तो समोर येईल त्याला धरतो. ही फेंटनची अभिक्रिया, १८९४ ची, आणि तुमच्या खलबत्त्यातही तिचीच बहीण आहे.

पेशीच्या पडद्यात जवसासारखीच ढिल्या हायड्रोजनवाली तेलं असतात आणि तिथंही हाच खो-खो चालतो, तिथंही विटामिन ईच मांडी घालून बसतं. फरक एवढाच की शरीरात विटामिन सी त्याला पुन्हा उठवून कामाला लावतं, पाकिटात उठवणारं कोणी नाही.

१९५६ ला हार्मननं म्हातारपण फ्री रॅडिकल्समुळे येतं असा सिद्धांत मांडला, तेव्हापासून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचं पेव फुटलं. मग फिनलंडमधे २९ हजारांवर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन आणि विटामिन ई देऊन पाह्यलं, निकाल १९९४ ला आला, बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. कमी नाही, जास्त. तेव्हापासून मी तरी "नाश करते" हा शब्द वर्गात येऊ देत नाही. तुमच्या चटणीत ओमेगा-३ आहे, तंतू आहेत, लिग्नन आहेत (लिग्निन नाही, लिग्नन, पोरं परीक्षेत हमखास गोंधळ घालतात), तेवढं खरं ते लिहा, खूप झालं.

इतवारीकर_८४:
सगळे एवढं ज्ञान देऊन राह्यले, ताईनं करायचं काय ते सांगा ना बे कोणी. जवस तिला विकायचा आहे, पीएचडी नाही करायची.

तेलाचा_तुकाराम:
बरोबर आहे भाऊ. ताई, जवस अख्खा ठेवा, तो वर्षभर टिकतो, टरफलाच्या आत तेल हवेला भेटतच नाही. कुटला की भेटलं. म्हणून मोठा घाणा बंद, आठवड्याच्या ऑर्डरीपुरता कुटा. लोखंडी खलबत्ता राहू द्या फोटोत, कुटा दगडी खलात नाहीतर स्टीलच्या मिक्सरमधे, पण मिक्सर थांबवत थांबवत, गरम होऊ देऊ नका. जवस भाजल्यावर पूर्ण गार होऊ द्या मगच कुटा आणि भरा. भाजलेला तीळ मिसळून पाहा, तिळात सेसमोलिन असतं, भाजल्यावर त्याचं सेसमोल होतं, ते चांगलं मांडी घालून बसणाऱ्यातलं आहे, तिळाचं भाजलेलं तेल उगाच नाही टिकत. वासानं चव बदलेल थोडी, तेवढं पाहा. आणि एक घरचा प्रयोग करा, एकाच घाण्यातली चटणी चार प्रकारे भरा आणि एकाच जागी ठेवा. उन्हाळ्यात दर १० डिग्रीला वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे मे महिना म्हणजे तुमची फुकटची लॅब आहे.

जवसवाली_नंदनवन:
(महिन्याभरानंतर लिहून राह्यले, विसरले असाल सगळे)

केला प्रयोग. २ मे ला भरली, सगळी पाकिटं स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या फळीवर, कूलर दुसऱ्या खोलीत. पहिलं कंपोस्टेबल, नेहमीसारखं फुगवून. दुसरं सिल्व्हर, फुगवून. तिसरं सिल्व्हर, हवा दाबून काढली आणि आत पुडी. चौथं कंपोस्टेबल, पण हवा काढून, काळ्या कागदात गुंडाळून आणि फ्रीजमधे ठेवलं (एकाच जागी ठेवायला सांगितलं होतं, माहीत आहे, पण मला हे पाहायचंच होतं). प्रत्येकाची चार-चार पाकिटं, दर पाच-सहा दिवसांनी एकेक फोडायची. नवऱ्याला आणि पोरीला न सांगता वाट्या पुढे ठेवायची, मी स्वतः वास घेणं बंद केलं कारण मला सगळ्यातच पेंटचा वास यायला लागला होता 😂

पहिलं अकराव्या दिवशीच गेलं. एप्रिलमधे तीन आठवडे लागले होते, मे महिन्यात अकरा दिवस. सिल्व्हर फुगवलेलं एकविसाव्या दिवशी नवरा म्हणाला "काहीतरी आहे", पोरगी म्हणाली काही नाही. पुडीवालं आणि फ्रीजवालं दोघांनाही ताजं वाटलं. तिळाचं वेगळं करून पाह्यलं कंपोस्टेबलमधेच, ते सतराव्या दिवसापर्यंत चाललं, आणि खरं सांगू तर चवीला मला तेच जास्त आवडलं.

आता असं ठरवलं की दुकानात जाणारा जवस सिल्व्हरमधे, पुडी घालून, हवा काढून, पाकीट चपटं दिसतं तर दिसू दे. कॉलनीतल्या आठवडी ऑर्डरी कंपोस्टेबलमधे, वर शिक्का मारते "८ दिवसांत संपवा, फ्रीजमधे ठेवा", १७०८८ आणि सर्टिफिकेट नंबर पाहूनच घेतले या वेळी. स्वस्तवाल्याकडे नंबर मागितला तर म्हणाला उद्या देतो, तो उद्या अजून आला नाही. शेंगदाण्याला पावसाळ्यात काय करायचं ते जुलैत विचारीन. लेबलं दोन हजार छापलेली आहेत, त्या ओळीवर पांढरं स्टिकर लावत बसलेय रोज संध्याकाळी टीव्हीसमोर. धरमपेठच्या काकूंना नवीन पाकीट पाठवलं, त्यांनी आधी वास घेतला आणि मग पैसे दिले.

आणि तुकारामभाऊ, तुमचं बॅटवालं माझ्या भाच्यानं करून पाह्यलं, एका बाजूला जवसाचं तेल, दुसऱ्या बाजूला खोबरेल. जवसाची बाजू कडक झाली. खोबरेलची अजून ओलीच आहे, आणि सोफ्याला डाग पडलाय.